काउंट नॉर्मल आला तरी

प्रिय बाळा,

अक्कलदाढ काढायचं ठरलंय म्हणालीस. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे लिहून पाठवतेय.

दाताचे डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. प्लेटलेट काउंट नॉर्मल येईल आणि ते म्हणतील, काही हरकत नाही, काढू या. तिथेच त्यांना थांबवायचं आणि सांगायचं, मला हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोम आहे, माझं रक्त लवकर थांबत नाही. तुझा काउंट कायमच नॉर्मल येतो. दुधाचा दात पडला तेव्हाही रिपोर्टात काही नव्हतं, आणि तू रात्रभर लालभडक कापसाचे बोळे थुंकत होतीस.

नुसता काउंट बघणं म्हणजे काडेपेट्या मोजणं. आत काड्या आहेत का, ते त्यातून कळत नाही. जखम झाली की प्लेटलेट तिथे चिकटते आणि आपल्या आतले बारीक दाट कण रिकामे करते. त्यातून एडीपी, सेरोटोनिन, कॅल्शियम असे हाक मारणारे पदार्थ बाहेर पडतात आणि बाकीच्या प्लेटलेट गोळा होतात. तुझ्याकडे ते कणच नाहीत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे ते दोन फोटो आठव. निरोगी माणसाच्या प्लेटलेटमध्ये काळे ठिपके होते, तुझ्या प्लेटलेटमध्ये एकही नव्हता.

तुझ्या केसांचा फिकट रंग, डोळ्यांची थरथर आणि हे रक्त, ही वेगवेगळी दुखणी नाहीत. पेशीतले रंगाचे कण आणि प्लेटलेटमधले दाट कण घडवणारी यंत्रणा बरीचशी एकच आहे. तिच्यात बिघाड झाला की दोन्हीकडे घोळ होतो. १९५९ साली हर्मान्स्की आणि पुडलाक या चेक डॉक्टरांनी असे दोन रुग्ण नोंदवले, म्हणून या आजाराला त्यांचं नाव. जगात ५ ते १० लाखांत एखाद्यालाच तो असतो. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या वायव्य भागात मात्र १८०० माणसांमागे एक. तिथल्या आयांना प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नसेल, असं मला उगीच वाटतं.

तर दाढेला हात लावण्याआधी त्यांना आपल्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलायला लाव. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारी दोन औषधं आहेत: डेस्मोप्रेसिन द्यायचं का (ते सगळ्यांनाच लागू पडत नाही), ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड किती दिवस घ्यायचं, हे ते ठरवतील. प्लेटलेट हाताशी ठेवाव्यात, पण घाबरून चढवू नयेत. वारंवार चढवल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि खरी गरज पडते तेव्हा त्या टिकत नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल घे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, मैत्रिणीने कितीही प्रेमाने पुढे केलं तरी. पाळीचंही तेच. पॅड तासाभरात भिजायला लागलं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

पाकिटातल्या कार्डावर आजाराचं नाव आहे, पण अपघात विभागात ते नाव किती जणांना माहीत असणार? म्हणून खाली ठळक अक्षरांत लिही: "प्लेटलेट संख्या नॉर्मल, कार्य सदोष."

आता जे तुला ऐकायला आवडत नाही ते. तुझ्या जनुकीय रिपोर्टात प्रकार १ आहे. या प्रकारात पुढे, बहुतेकदा तिशी-चाळिशीत, फुप्फुसं कडक होत जातात. आज तुझी चांगली आहेत. म्हणूनच दरवर्षी मोजायची, म्हणजे फरक पडला तर लगेच कळेल. सिगारेट ओढायची नाही, आणि ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभंही राहायचं नाही. यावर मी वाद घालणार नाही.

पुढच्या महिन्यात ती फुंकर मारायची तपासणी आहे. दरवेळी नाकाला चिमटा लावला की तुला हसू फुटतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. या वेळी आधीच हसून घे.

तुझी,
आई