राइट साइझ

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमेची आदली रात्र

प्रिय दत्त्या,

दीड वर्षात पत्र नाही, फोन नाही, तुझे सासरे गेले तेव्हासुद्धा नुसते जोडलेले दोन हात पाठवले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे. आईची साखर मधूनमधून चढते, माझी कंबर आहे तशीच. झालं.

आता मुद्दा. मला नोकरीवरून काढलं. आणि काढलंय हे कळायला मला रात्र झाली. ज्याच्या ट्रंकेत अजून आपली ती शब्दांच्या गमती टिपायची वही आहे, त्या मला! म्हणून तुलाच लिहितोय. बाकी कोणी यात नुसतं 'अरेरे' म्हणेल.

झालं असं की साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. खांद्यावर शाल, हातात श्रीफळ आणि दोन पानी पत्र. बावीस वर्षं झाली कोळंबीच्या ग्रेडिंगला, मला वाटलं, चला, उशिरा का होईना. पहिल्या पानावर होतं की कंपनी 'राइटसायझिंग एक्झरसाइज' हाती घेत आहे, त्यात तुम्हाला 'न्यू होरायझन्स'साठी 'रिलीज' करताना आम्हाला अभिमान वाटतो. आता तूच सांग, पौंडाला १६ ते २० बसतात की २१ ते २५, एवढं बघत ज्याने जन्म काढला तो 'राइट साइझ' वाचून काय समजणार? मला वाटलं नवीन ग्रेडिंगचं युनिट निघतंय आणि त्यावर मला नेमतायत. वाकून 'थँक्यू सर' म्हटलं. साहेब खिडकीकडे बघायला लागला. मी म्हटलं, बिचारा भावुक झाला.

जेवणाच्या सुट्टीत अर्धा किलो पेढे आणून वाटले रे! पॅकिंगच्या बायकांनी घेतले. गेटवरचा वॉचमन मात्र पेढा तळहातावर धरून उभा राहिला, खाईना. त्याला माहीत होतं. गेटपासच्या यादीतून माझं नाव त्यालाच काढायला सांगितलं होतं.

रात्री दुसरं पान उघडलं आणि तिथे दिसलं, 'फुल अँड फायनल सेटलमेंट'. वहीतली तुझी नोंद आठव. 'फुल असेल तर फायनल कशाला, आणि फायनल असेल तर अर्धं कोण देतं?' शेजारी तू शेंडी काढली होतीस. ती शेंडी डोळ्यांपुढे आली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

गाईचं गोमूत्र आणि पिवळा पितांबर म्हटलं की सर छडी घ्यायचे, आणि आपण सूड म्हणून इंग्रजीतले गोमूत्र गोळा करायला लागलो. फ्री गिफ्ट, रिटर्न बॅक, पुढे पिन नंबर, एटीएम मशीन. दुसऱ्या बाजूने एकमेकांना खोटं पाडणारे शब्द, म्हणजे ऑक्सिमोरॉन: ट्रू कॉपी, ओपन सिक्रेट, तुझं ते हॉटेलातलं व्हेज ऑम्लेट. मुंबई-गोवा हायवेवरचं 'टेम्पररी डायव्हर्शन' मी परवाच वहीत घातलं. चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा जन्मलेली पोरं आता मिसरूड न्याहाळतायत. आणि माझा पगार ज्यावर चालला ते 'फ्रेश फ्रोझन'! हजारो खोक्यांवर हा स्टिकर मी माझ्या हाताने चिकटवला. ताजी असेल तर गोठवली कधी? खाली 'जंबो श्रिम्प'. इंग्रजीत श्रिम्प म्हणजे कोळंबी आणि किरकोळ माणूसही, त्यालाच जंबो. ऑक्सिमोरॉन हा शब्दही ग्रीकातून आलाय, 'धारदार-बोथट'. स्वतःच स्वतःचं उदाहरण.

बोंबलाच्या इंग्रजी नावाचं, 'बॉम्बे डक'चं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. तू म्हणायचास, डाकगाडीतून यायचा म्हणून 'बॉम्बे डाक', त्याचं डक झालं. गाढवा, बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, आणि बॉम्बे डक हे नाव त्याच्या कितीतरी आधी छापलेलं सापडतं. तेव्हा तू मला चहा देणं लागतोस, व्याजासकट.

तर काळजी अशी. आज आठवा दिवस, आणि घरी अजून कोणालाच माहीत नाही. तुझ्या वहिनीने शेजारी सांगून टाकलं की ह्यांना मोठी जागा मिळाली. मी रोज डबा घेऊन निघतो आणि मिरकरवाड्याला जेटीवर बसतो. बोटी रंगवून तयार, जाळी विणणारे हल्ली मला चहा विचारतात. 'नवीन ऑफिस कसं आहे?' असं ती विचारते आणि मी म्हणतो, 'हवेशीर'. खोटं नाही! १९०६ साली चर्चिल पार्लमेंटात ज्याला 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड', म्हणजे शब्दांतली गफलत, म्हणाला, तेच मी रोज संध्याकाळी पायरीवर चपला काढताना करतो. २०२३ च्या एप्रिलात ते स्टारशिप रॉकेट हवेत फुटलं आणि त्याला 'रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेम्ब्ली', म्हणजे न ठरवता झटपट सुटं होणं, म्हणाले. बातमी पाठवून तू किती हसला होतास. मी ते वहीत घातलं होतं रे. हल्ली आठवतं, पण हसू येत नाही.

जेटीवर बसून एक वेगळंच डोक्यात येतं. आपण तरी काय सरळ बोलतो? दुकान बंद केलं तर 'वाढवलं', बांगडी फुटली तर 'वाढवली', नारळ फोडला तर 'वाढवला'. निघालेला माणूस 'येतो' म्हणून जातो. पण आईने रात्री 'तिकडे लांबडं आहे' म्हटलं की मी पाय वर घेतो. साहेबाने 'होरायझन' म्हटलं तर पेढे आणले.

आणि श्रीफळ! 'नारळ दिला' याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो, मला तर खरोखरचा दिला होता. मी तो कौतुकाने घरी आणला, आईने हळदकुंकू लावून देवापुढे ठेवला.

तुझं काय? धाकटीची बारावी झाली ना? पुण्यातलं ते नवं घर मिळालं की अजून 'पझेशन शॉर्टली'च? वहिनींचा गुडघा? सविस्तर कळव. आणि घरी फोन केलास तर माझ्या बढतीबद्दल अभिनंदन कर, नाहीतर निदान गप्प बस. एक-दोन दिवसांत सांगतो तिला. तू असतास तर तुलाच पुढे केलं असतं.

एवढ्यात आतून हाक आली. उद्याच्या नारळीभाताला तोच नारळ घ्यायचाय म्हणे, शुभ आहे. वाढवून झालाय, खवायचा राहिलाय. विळी तिने माझ्याच पुढ्यात आणून ठेवली आहे, आणि 'नवीन साहेब, बसा' म्हणून हसतेय.

तुझाच,
सुऱ्या