सरांच्या शोकसभेनंतर

प्रिय दत्त्या,

वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचा राग भेटलास की काढ. आई बरी आहे, माझी शुगर ताब्यात आहे. आज लिहायला बसलो ते रविवारच्या शोकसभेपायी. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सरांवर मी बोललो. कागद न घेता, बारा मिनिटं. शेवटी सायकलचा प्रसंग सांगितला, भर पावसात आपल्याला स्पर्धेला सोडायला आले होते तो. ‘ती सायकल...’ म्हणालो आणि थांबलो. सभागृह चिडीचूप. पहिल्या रांगेत काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आणि दत्त्या, त्याच क्षणी माझ्या मनात आलं की थांबलो ते अगदी नेमक्या जागी! बाहेर लोक हात हातात घेऊन ‘काय बोललात’ म्हणत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी रडत होतो, ते खरं होतं. पण रडता रडता मोजतही होतो. तेव्हापासून धड झोप नाही.

काकूंनी मला सरांचं ते पुस्तक दिलं, क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाचं. तेच, कव्हर निघालेलं, ज्याच्यावरून आपण दोन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिसला विचारलं, वक्तृत्वात पहिलं काय? सादरीकरण. दुसरं? सादरीकरण. तिसरं? तेच. हे तू माझ्या तोंडावर फेकायचास आणि मी त्यातल्याच जुन्या रोमन केटोला पुढे करायचो, वक्ता म्हणजे बोलण्यात तरबेज असा सज्जन माणूस, आधी सज्जन! गच्चीवर आपला आवाज ऐकून रेक्टर वर आले होते.

या वेळी सहावा खंड उघडला. ऐकणाऱ्याच्या भावना कशा हलवायच्या, ते त्यात आहे. दया यावी म्हणून रोमच्या कोर्टात पोरं आणून उभी करायचे. एकाला विचारलं, का रडतोस, तर तो म्हणाला, मला सांभाळणारा मागून चिमटे काढतोय. ही गोष्ट सांगताना सर पोराच्या वाक्याआधीच हसून मोकळे व्हायचे.

पण त्या खंडाची प्रस्तावना आपण कधी वाचलीच नव्हती रे. सरकारी तिजोरीतून पगार घेणारा रोममधला पहिला वक्तृत्वशिक्षक, वीस वर्षं शिकवून इ.स. ९५च्या सुमारास हा बारा खंडांचा ग्रंथ लिहितोय. बायको एकोणिसाची व्हायच्या आत गेलेली. मग पाच वर्षांचा धाकटा गेला. आणि आता थोरला, नुकतंच दहावं लागलेला, आठ महिने आजारी राहून. हा ग्रंथ त्यालाच वारसा म्हणून ठेवायचा होता. शेवटी भ्रमात ते पोर शाळा आणि धडे एवढंच बडबडत होतं. हे सांगतानाही बापाची वाक्यं घडीव आहेत, दत्त्या. एकही शब्द जागचा हललेला नाही. आणि पुढे काही पानांवर हाच माणूस शिकवतो की दुसऱ्याला रडवायचं तर आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं करा. बोलताना आपल्यालाही नुसतं रडू नाही, चेहरा पांढरा पडेपर्यंत दुःख झालंय, असं सांगतो. भूमिका संपवून मुखवटा उतरवलेले नट रडत रडत बाहेर पडताना त्यानं पाहिलेत.

त्याला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग रविवारी मी कोण होतो? त्या वाक्यांमागे मेलेलं लेकरू होतं. माझ्यामागे सर होते, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तो थांबा मला ऐकू आला, तो का?

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचं ॲडमिशन झालं का? बदलीचं नक्की झालं की कळव.

आणि एक. नटांच्या त्या वाक्याखाली सरांनी पेन्सिलीनं रेघ ओढली आहे. शेजारी एक अक्षर नाही. शेवटची दोन वर्षं तू त्यांच्याकडे जात होतास. कधी यावर बोलले होते का, आठवून सांग.

तुझाच,
बाळ्या