ठसका लागेनासा झाला तर

महोदय,
मधुमेह म्हटलं की डोळे, मूत्रपिंडं, पाय तपासले जातात. श्वासनलिकांच्या नसांचं नाव कुणी काढत नाही. या नलिका आकुंचन पावतात त्या मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस नावाच्या दहाव्या नसेमुळे. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की ही नस दुबळी होऊ शकते आणि खोकल्याची उबळही मंदावते. वडिलांना पाणी पिताना वारंवार लागणारा ठसका थांबला, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. पुढे न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी समजावलं: घोट चुकीच्या वाटेनं जातच होता, फक्त शरीराला कळत नव्हतं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना जुना मधुमेह आणि उभं राहताच येणारी चक्कर (हीही नसा दुबळ्या झाल्याची खूण असू शकते) हे आवर्जून सांगा. अशा रुग्णांचा श्वास भुलीच्या वेळी अचानक मंदावू शकतो.

– एक वाचक