पेटी देतानाचा फोटो काढला आणि पेटी परत नेली : शिक्षणमंत्र्यांना शहादा तालुक्यातून खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

साहेब, मी शहादा तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. मिस्टर पपईच्या गाड्या भरायला जातात. आमची मुलगी ९ वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार; तिचा एसएस, म्हणजे पुरता आजार असलेला. आम्ही दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक निघालो, पण ते ती झाल्यावर कळलं. दोन वर्षांपासून ती घरीच शिकते, आणि तिला शिकवते ती मी, बारावी झालेली. आपला वेळ मोलाचा आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहिणार होते. पण थोडक्यात मावेल असं आमच्या बाबतीत काही घडलेलं नाही.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता. शाळेत जाता न येणाऱ्या मुलांना शैक्षणिक साहित्याची पेटी देणार आहेत, मुलीला घेऊन या, असा फोन आला. थंडी तिला सोसत नाही. दोन स्वेटर, कानटोपी, गरम पाण्याची बाटली, असं सगळं घेऊन सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. अकराचा कार्यक्रम अडीचला सुरू झाला. तोवर पोरगी मंडपातल्या फरशीवर माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिचं नाव पुकारलं, ती व्यासपीठावर गेली, हातात पेटी दिली. तिथंच उभ्या उभ्या तिनं झाकणाची कडी उघडली. आत लाल-पांढऱ्या मण्यांची माळ होती, लाकडी तराजू होता, चित्रांची कार्डं होती. फोटो झाला. ती पायऱ्या उतरली, आणि एका गृहस्थांनी तिच्या हातातून पेटी घेतली. “ताई, ही नमुन्याची आहे. पुढच्या कार्यक्रमाला लागेल. तुमची नोंद झाली की घरपोच येईल.”

साहेब, तिचे हात काही वेळ तसेच राहिले, पेटी धरल्यासारखे.

एसटीत खिडकीशी बसून तिनं एकदाच विचारलं, “माय, ती पेटी कसाले लई गयात?” मला उत्तर देता आलं नाही. रात्री तिचे गुडघे धरले. सिकलसेलचं दुखणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. पोर ओरडतसुद्धा नाही, नुसती दात आवळून उशी चावते. त्याच संध्याकाळी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, साहित्य वाटप.

सोमवारी मी कार्यालयात गेले. तिथं मुलीचा आयडी मागितला. म्हटलं, शाळेतून नाव कमी झालंय. म्हणाले, “मग पेटी कुणाच्या नावावर टाकायची? तुमच्यासाठी रकानाच नाही.” फोटो काढताना रकाना लागला नव्हता. पेटी फक्त फोटोसाठीच होती तर आजारी पोरीला थंडीत साडेतीन तास बसवायचं नव्हतं. फोटोत उभं राहायला तुमच्याकडे माणसांची कमी आहे का?

नाव का कमी झालं तेही सांगते. आमच्या पोरीला पाणी सतत प्यावं लागतं, नाहीतर रक्त घट्ट होऊन दुखणं उठतं. इथला उन्हाळा कसा असतो ते खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको. शाळेत पाण्याची टाकी होती, पण तासाला उठायची परवानगी नव्हती. आणि पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, त्या मोरीला दार नव्हतं. पोरीनं पाणी पिणंच सोडलं. दुसरीच्या वर्षी तिचे ७३ दिवस बुडाले, कॅलेंडरवर मी खुणा केलेल्या आहेत. सलग महिनाभर मूल आलं नाही की ते तुमच्या भाषेत ‘शाळाबाह्य’ होतं. शाळाबाह्य म्हणजे वीटभट्टीवर, ऊसतोडीला, रस्त्यावर असलेलं मूल, असं मला वाटायचं. आता माझीच पोर त्या शब्दात जाऊन बसली आहे. घरी तेराच्या पाढ्यापर्यंत आलेली, रोज तीन तास अभ्यास करणारी पोर.

कायदा मी वाचला आहे साहेब. शिलाईच्या कामातून उठून मोबाइलवर वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा अधिकार दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेलचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे एका कायद्यात माझी मुलगी आहे, आणि दुसऱ्यात ‘तीव्र’ या एका शब्दावर अडकली. दिव्यांगत्वाचे टक्के काढायला दवाखान्यात नेलं तर ती चालत आत गेली, कारण त्या दिवशी तिला बरं होतं. जेव्हा दुखतं तेव्हा तिला खाटेवरून हलवता येत नाही, मग टक्के मोजायला न्यायचं कसं? या आजाराचं माप एका दिवसात निघत नाही, हे दवाखान्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्या अर्जालाच माहीत नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासण्या झाल्या, कार्डं वाटली, गोळ्या मिळतात, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण दुखणं उठलं की ही मुलं दिवसच्या दिवस खाटेवर असतात, तेव्हा शिकतात कशी, हे त्या कार्डावर कुठेच विचारलेलं नाही.

पुण्या-मुंबईकडे याला होमस्कूलिंग म्हणतात. तिथले आईबाप विचार करून, ठरवून हे करतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट त्यांचे व्हिडिओ बघूनच मी शिकले. पण तिथं दाखवतात ते लाकडी ठोकळे, अक्षरांचे संच, रंगांचे डबे यांच्या किमती पाहून मी मोबाइल बंद करते. मी साध्या ब्लाउजचे १५० रुपये घेते. आमच्या घरात सगळं ब्लाउजात मोजलं जातं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. खरं आहे. पण आमच्याकडे एकच मोबाइल, तो दिवसभर मिस्टरांच्या खिशात. म्हणून तिसरीचं गणित झेरॉक्स करून आणलं, पानाला २ रुपये. शंभरावर पानं झाली, म्हणजे दीड ब्लाउज. छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडलं असतं, पण पुस्तक घ्यायला गेले तेव्हा दुकानात संच संपला होता. आणि झेरॉक्समध्ये सगळं काळं येतं. “लाल फुगे किती, निळे किती ते मोज,” असा प्रश्न, आणि सगळे फुगे कोळशासारखे. मग तिनं आणि मी बसून एक एक फुगा रंगवला, आणि त्यानंतर मोजला. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना हीच पुस्तकं मोफत मिळतात. माझ्या मुलीचं वय तेच, पुस्तक तेच, गाव तेच. फक्त ती हजेरीपटावर नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पेन्सिल, खोडरबर, क्रेयॉन, नकाशे, वह्या यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. शिंप्याचा खडूही त्यातच आला. चांगलं केलं, यादी वाचताना मला बरं वाटलं. पण कंपासपेटीवर ५ टक्के राहिलेच. आणि झेरॉक्सच्या कागदावर १८ टक्के! म्हणजे पेन्सिल करमुक्त आणि घरी बसून शिकणाऱ्या पोरीचं पुस्तक छापायचा कागद महाग. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

आमच्या घरची शाळा कशावर चालते ते सांगते, म्हणजे आपण काय देऊ शकता ते कळेल. चिंचोके शंभर, सुटे मोजायला. शिलाईच्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे दशक. तराजू दोन नारळाच्या करवंट्या आणि पऱ्हाटीच्या काडीचा, त्यात आम्ही बटणं तोलतो. पद्मश्री अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून भूमितीचे आकार करायला शिकवलं, त्यांची पुस्तकं त्यांनी सगळ्यांसाठी इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्या भाऊंनी मला हातभर नळी तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. पोरीनं चौकोन केला, तो वाकडा व्हायला लागला. त्रिकोण केला, तो हलेना. तिनं चौकोनात तिरपी काडी बसवली आणि म्हणाली, “आता नही हालाव.” मग पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून म्हणाली की म्हणूनच वर लोखंडाचे त्रिकोण आहेत. साहेब, हे मी तिला शिकवलेलं नाही. तापातून उठलेली, हाताला सलाईनची पट्टी चिकटलेली असताना ती हे बोलली.

भाषेचंही तसंच. घरी आम्ही अहिराणी बोलतो. पुस्तकात चिमणी, घरात चिडी. पुस्तकात मुलगी, घरात आंडेर. पुस्तकात भोपळा, घरात डांगर. मी जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली, एका बाजूला आपला शब्द, मागच्या बाजूला पुस्तकातला. १४० कार्डं झाली आहेत. माझं माहेर अमळनेरचं. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हातानं लिहिलेलं दैनिक काढायचे, असं माझे आजोबा सांगायचे. त्याच अमळनेरला २०२४ मध्ये साहित्य संमेलन झालं, मोठा मंडप पडला. पण अहिराणी बोलणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी दहा-वीस रुपयांचं चित्रांचं पुस्तक मला आजवर कुठल्या दुकानात मिळालेलं नाही.

आणि हे सगळं सामान नाही असं नाही! तेच जिवाला लागतं. गावच्या शाळेत गणित पेटी आहे. कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली ज्यांच्याकडे ते बदलून गेले. मी म्हटलं, सुट्टीत आठ दिवस द्या, सही करून नेते. उत्तर आलं, हरवली तर जबाबदारी कुणाची? २० फेब्रुवारी २०२३ ला दिल्लीत ‘जादुई पिटारा’ निघाला, ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी, खेळणी, कोडी, चित्रकार्डं सगळं त्यात. तेव्हा माझी मुलगी त्या वयाची होती. आता ती ९ ची झाली, आणि आमच्या गावात मी तो पिटारा अजून पाहिला नाही. वापरून झिजलेलं साहित्य चालत नाही तुम्हाला, कुलपात नवं राहिलेलं चालतं. लेखापरीक्षणात पेटी सापडली पाहिजे, पोर नाही सापडली तरी चालेल.

असंच सगळं चाललंय. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पानं घातली, मग दोन वर्षांत तीच काढली. आमच्या जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या समूह शाळेचा दाखला देऊन २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं निघालं. सातपुड्यातला पाडा आणि रस्ता कुणी पावसाळ्यात पाहिला होता का? शाळा लांब नेली की किती मुलं घरी बसतील आणि त्यांच्या हातात काय असेल, याचा कुणी विचार केला? पटावरचा आकडा बरोबर आला की झालं. वर आकडा जातो, खाली फोटो येतो, आणि मधल्या मधे पोरगी हात तसेच धरून उभी राहते.

आता मागणं, कारण नुसतं भांडायला मी लिहायला बसले नाही. आजारपणामुळे घरी शिकणाऱ्या मुलांची गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रात, वेगळी नोंद करा, शाळाबाह्यात टाकू नका. सिकलसेलच्या कार्डावरूनच ती नोंद धरा, टक्के मागू नका. त्या नोंदीवर बालभारतीचा छापील संच मोफत द्या. शाळेतलं कुलपातलं साहित्य गावातल्या घरांना सहीवर, महिन्याच्या बोलीनं नेऊ द्या. हरवलं तर भरून घ्या, मी भरीन, ब्लाउज शिवून भरीन. अनुदान घेणाऱ्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक फळी मुलांची ठेवा. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर ठेवले आहेत, त्यातले निवडक छापून त्या फळीवर लावले तरी पोरं तुटून पडतील. आणि अहिराणीत, पावरीत, भिलोरीत छोटी चित्रपुस्तकं काढा. शब्द आमच्याकडून घ्या, १४० तर तयारच आहेत.

पुढच्या परीक्षांची काळजी मी करीन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत, दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा अर्ज आहे, ते सगळं मी शोधून ठेवलंय.

एक शेवटचं. परवा पोरीनं वहीत त्या पेटीचं चित्र काढलं. व्यासपीठावर अर्ध्या मिनिटात पाहिलेलं सगळं तिच्या लक्षात आहे, कडी, मण्यांची माळ, तराजू, कार्डांचा गठ्ठा. मण्यांत पाच लाल, पाच पांढरे, असे तिनं क्रमानं रंगवलेत. ते चित्र पाहून मी रिळांवर लाल दोरा गुंडाळायला घेतला आहे.

पेटी आली तर ठीक, नाही आली तर आम्ही करतोय. पण तो फोटो जिथं जिथं लावला असेल तिथून आधी उतरवा. त्यात माझ्या मुलीच्या हातात पेटी आहे.

आपली,
एक आई
ता. शहादा, जि. नंदुरबार