यादीतले नाव

चि. सुहास यास,

अनेक आशीर्वाद.

विसर्जनाच्या रात्री तू न जेवता निघालास आणि राजापूर रोडला सोडायला मी आलो नाही, त्याला आज बारा दिवस झाले. तुझी आई काही बोलत नाही, पण तुझ्या वाटणीच्या करंज्या अजून डब्यात आहेत. हे पत्र मतदारयादीतले नाव पनवेलला नेण्याच्या तुझ्या त्या अर्जाबद्दल नाही. पनवेलला घर घेतलेस, बारा महिने तिथे राहतोस, तेव्हा मतदार म्हणून तुझे नाव तिथेच असायला हवे, हे कायद्याला धरूनच आहे. इतकी वर्षे मतदान केंद्रावर काम केलेल्या माणसाने त्याला हरकत घेणे शोभत नाही. त्या रात्री मी जे बोललो, की मग शिधापत्रिकेवरूनही नाव काढून टाक, ते मात्र चुकीचे होते आणि त्याबद्दल मला वाईट वाटते.

तू विचारलेस, “तुमच्या मतदारसंघात आता नावाशिवाय उरलंय काय?” खरे तर नावही उरलेले नाही. 2009 पासून लोकसभेचा राजापूर मतदारसंघ नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहे, आणि त्यात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. पण मी त्या जुन्या राजापुराचा माणूस आहे, आणि तुला त्याचे काही सांगितले नाही ही चूक माझीच.

1967 साली मी पंधरा वर्षांचा होतो. बॅरिस्टर नाथ पै यांच्या सभेला आबा मला घेऊन गेले. 1957 आणि 1962 असे दोनदा ते इथून निवडून आले होते, आणि ही तिसरी वेळ होती. शेतात पेट्रोमॅक्स लावलेला, पुढच्या रांगेत बायका. मला भाषणातले फारसे आठवत नाही, कळलेही नसेल. आठवते ते एवढेच, की भाषण सुरू होताच आबांनी पायातल्या वहाणा काढून हातात धरल्या आणि शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. ते देवळाखेरीज कुठे वहाणा काढत नसत. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले तेव्हा आमच्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

दोन महिन्यांतच निवडणूक होती आणि इंदिराबाईंची लाट अशी होती, की महाराष्ट्रातल्या पंचेचाळीसपैकी बेचाळीस जागा काँग्रेसकडे गेल्या. राजापूर गेले नाही. इथे प्रजासमाजवादी पक्षाचे प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले, आणि पुढे 1977, 1980, 1984, 1989 अशी आणखी चार वेळा इथल्या लोकांनी त्यांनाच दिल्लीला पाठवले. त्यांचा जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत पदार्थविज्ञान शिकवण्याची. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते. बाहेर आल्यावर रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. लोकसभेची निवडणूक देशात कुठूनही लढवता येते, उमेदवाराचे नाव कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत असले तरी चालते. मतदाराला मात्र जिथे राहतो तिथेच नाव ठेवावे लागते. नियम बरोबरच आहे, पण तुझा अर्ज डोक्यात आला की मला यात काहीतरी उलटे वाटते. झाले, पुन्हा अर्जावर आलो.

1991 ची गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. राजीव गांधींच्या हत्येमुळे मतदान पुढे ढकलले गेले आणि ते आपल्याकडे पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये झाले. देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. पेट्या पत्र्याच्या, मतपत्रिका कागदाच्या, वर कागदी सील आणि लाख. दुपारी एक म्हातारी आली, पंचाहत्तरीची असेल. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका उलटी-सुलटी पाहिली आणि मला विचारले, “मास्तरानु, झोपडी खंय असा?” झोपडी हे प्रजासमाजवाद्यांचे जुने चिन्ह, ते केव्हाच गेले होते. दंडवते त्या वेळी जनता दलाच्या चक्रावर उभे होते. मी काहीच सांगू शकत नव्हतो, सांगणे गुन्हा होता. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तिने शिक्का कुठे मारला ते मला ठाऊक नाही. दंडवते त्या निवडणुकीत काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून पडले. कोकण रेल्वेचे महामंडळ आदल्याच वर्षी स्थापन झाले होते, ज्या रेल्वेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. 1998 साली ती पूर्ण सुरू झाली, आणि आज तू त्याच गाडीने रुसून जातोस.

पुढचे थोडक्यात. 1996 पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा. नव्या नावाच्या मतदारसंघात 2009 मध्ये काँग्रेसचे निलेश राणे, 2014 आणि 2019 मध्ये विनायक राऊत, 2024 मध्ये भाजपचे नारायण राणे. राऊत पहिल्यांदा दीड लाखांच्या फरकाने आले होते, आणि दहा वर्षांनी सत्तेचाळीस हजारांवर मतांनी पडले. तू 7 मे 2024 ला सुट्टी काढून आला होतास. कोणाला मत दिलेस ते मी विचारले नाही आणि तू सांगितले नाहीस, तरी गणपतीत भांडण त्यावरूनच पेटले. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांवर तू जे बोलत होतास त्यातले निम्मे मला पटले होते. मी मास्तर असल्याने ते कबूल करायला जीभ रेटत नाही.

हे सगळे लिहून मी तुला उपदेश करतो आहे असे वाटेल. तसे असेल तर क्षमा कर, चाळीस वर्षे फळ्यापुढे काढली की सवय जात नाही. माझी खरी भीती वेगळीच आहे. आपल्याकडे चाकरमानी येतो तो शिमग्याला, गणपतीला आणि मतदानाला. त्यातली पहिली दोन निमित्ते माणूस रजा मिळाली नाही म्हणून सोडतो. तिसऱ्याला मी तुला हक्काने बोलवत असे, कारण तुझे नाव इथे होते: आपल्या घर क्रमांकाखाली मी, तुझी आई आणि तू. ताईचे नाव तिच्या लग्नानंतर गेले तेव्हा यादीतल्या त्या ओळीवर ‘वगळले’ असा शिक्का होता. तो मीच मतदान केंद्रावर पाहिला होता, आणि तेव्हा मला काही वाटले नव्हते.

पनवेलला तुझे नाव लागले की इथले वगळले जाईल. खालच्या वाडीतली बीएलओ, म्हणजे मतदारयादीचे काम पाहणारी बाई, चौकशीला आली तर मी तिला सांगेन की होय, मुलगा तिकडेच राहतो. खोटे सांगणार नाही. तेव्हा अर्ज भरलास तर पूर्ण भर, पत्त्याचा पुरावा नीट जोड, अर्धवट ठेवलास तर ना इथे ना तिथे अशी गत होईल.

करंज्या ताईचे मिस्टर शनिवारी दादरला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. आईच्या गुडघ्याचे इंजेक्शन पुढच्या मंगळवारी आहे. शिमग्याच्या रजेचे आताच बघून ठेव.

तुझा,
बाबा