डॉक्टरसाहेब, आमच्या गाई आता आमच्याच गोठ्यात जन्मतात

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालात. सत्काराला गावातली मोठी माणसं बोलली. पण ज्यांच्या गोठ्यात तुम्ही रात्री-अपरात्री येत होतात त्या बायांना बोलायची पाळी काही आली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे. निफाड तालुका म्हटलं की लोकांना द्राक्षं आणि कांदा आठवतो. गारपिटीनं बाग झोडपली, कांद्याचा भाव पडला, अशा वर्षी किराणा आणि पोरांची फी दुधाच्या पगारातून भागते, हे आमच्यासारख्या घरांनाच माहीत. आमचं दूध टिकलं ते तुमच्यामुळे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आलात तेव्हा आल्या-आल्या विचारलंत, “धार कोण काढतं?” सासरे सांगायला पुढे झाले होते, पण तुम्ही माझ्याकडे वळलात. कुठला सड गरम लागतो, रवंथ करते का, शेण कसं टाकते, मागचा माज (गाय भरवण्याजोगी होण्याची वेळ) कधी दिसला, हे सगळं तुम्ही मला विचारलंत आणि मी सांगितलेलं लिहून घेतलंत. त्याआधी गोठ्यात डॉक्टर आले की हात धुवायला पाणी द्यायचं आणि बाजूला उभं राहायचं, एवढंच माझं काम असायचं. गाईजवळ दिवसातून सगळ्यात जास्त वेळ असते तिलाच विचारलं पाहिजे, हे तुमच्यासाठी साधं असेल. मी ते विसरलेले नाही.

मग तुम्ही मला माज ओळखायला शिकवलंत. आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, त्यात उन्हाळ्यात मुका माज. हंबरत नाहीत, दुसरीवर उडत नाहीत, आणि माज निघून जातो. तुम्ही म्हणालात, पहाटे आणि रात्री जेवणं झाल्यावर, गोठा शांत असताना फेरी मारा. शेपटीला, मांडीला वाळलेली बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, दिसते का बघा. दूध अचानक थोडं कमी आलं तर तारीख बघा. स्वच्छ, तार धरणारी बळस असेल तरच गाय भरवायची, म्हणजे कृत्रिम रेतन करून घ्यायचं. गढूळ किंवा पांढरट असेल तर आधी उपचार. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. नाही ठरली तर २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवायचं. हे मी आता झोपेतही सांगेन. एक माज चुकला म्हणजे तीन आठवडे गाय नुसती खाते, हा हिशेब तुम्ही घरातल्या सगळ्यांना बसवून समजावलात, आणि तेव्हापासून मी “आज गाय माजावर आहे” म्हटलं की सगळी कामं सोडून फोन होतो.

वहीसुद्धा तुमचीच कल्पना. प्रत्येक गाईला एक पान. तिची आई कोण, भरवल्याची तारीख, वळूच्या रेताच्या कांडीवर छापलेला त्याचा नंबर, गाभण तपासणी, आटवायची (दूध काढणं थांबवायची) तारीख, व्यायल्याची तारीख. वळूचा नंबर कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की कालवड मोठी झाल्यावर तिला तिच्याच बापाची कांडी भरली जाऊ नये म्हणून. जवळच्या नात्यात पैदास झाली की वासरं अशक्त निघतात, गाभण राहण्याच्या अडचणी वाढतात. शिवाय पहिलटकरीण कालवडीला मोठ्या हाडाच्या वळूची कांडी नको, वासरू अडतं. हे त्या घडीला कुणी सांगितलं नसतं तर ते कळायला आम्हाला एखादी कालवड गमवावी लागली असती.

आमच्याकडे वाद होता तो कालवडी ठेवण्याचा. सासऱ्यांचं म्हणणं, दोन-सव्वादोन वर्षं नुसतं खायला घालण्यापेक्षा बाजारातून दुभती गाय आणलेली बरी. तुम्ही त्यांचा मान ठेवून बोललात. बाजारातली गाय आपल्याबरोबर काय घेऊन येते ते वरून दिसत नाही, एखादा सड बसलेला, म्हणजे दुधाला बंद पडलेला असतो, कधी गाभडण्याचा, म्हणजे गर्भ पडण्याचा रोग असतो. घरची कालवड इथल्या पाण्याला, इथल्या गोचिडांना, इथल्या चाऱ्याला सरावलेली असते. आणि तिची आई किती दूध देत होती ते आपण स्वतः काढून पाहिलेलं असतं. सासऱ्यांना हे शेवटचं पटलं.

चंद्रीची ती रात्र तर मी कधीच विसरणार नाही. तिसरं वेत, भरपूर दूध, आणि व्यायल्यावर दुसऱ्याच दिवशी ती खाली बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळवलेली, कान गार. तुम्ही आलात, कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवलीत, आणि शिरेतून थेंब-थेंब सोडत राहिलात. दुसऱ्या हाताने छातीला नळी लावून ठोके ऐकत होतात, कारण घाईनं दिलं तर हृदयच बंद पडतं. थोड्या वेळानं तिच्या अंगाला थरथर सुटली, ढेकर आला, तिनं शेण टाकलं आणि ती उभी राहिली. सासूबाईंनी तिथेच हात जोडले. तुम्ही मात्र गव्हाणीतले उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, हातात घेऊन बसलात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, गाईच्या अंगी लागू देत नाही. आपल्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की गोठ्यागोठ्यात वाढेच असतात. तेव्हापासून आमच्याकडे वाढे कमी, त्यावर चुन्याची निवळी, बाकी मुरघास आणि लसूणघास, आणि रोज खनिज मिश्रण. आटवल्यावर दोन महिने पूर्ण विश्रांती.

वासरांचंही तसंच. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पौषात इथे पारा खाली उतरला की बातमी होते. त्या थंडीत जन्मलेलं वासरू कोरडं पुसायचं, नाळेला आयोडीन, आणि पहिल्या तासा-दोन तासांत चीक, त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, दिवसभरात विभागून. रोगाशी लढायची ताकद चिकातून आतड्यात शिरते ती पहिल्या काही तासांतच नीट शिरते, मग ती वाट बंद होत जाते. “वार (जार) पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवू नका,” हे तुमचं वाक्य आता आमच्या वस्तीवरच्या सगळ्या बाया एकमेकींना सांगतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना गाभडण्याच्या रोगावरची ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच, तीही तुम्ही आठवणीनं टोचलीत. आणि मला हातमोजे दिलेत. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं काढणाऱ्या बाईलाही तो रोग होतो, ताप महिनोन्महिने जात नाही, हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. गाईबरोबर माझीही काळजी घेणारे तुम्हीच.

२०२२ साली लम्पी हा गाईंचा त्वचारोग आला तेव्हा बाजार बंद, माणसं घाबरलेली, आणि तुम्ही उन्हापावसात वस्ती-वस्तीवर शेळ्यांच्या देवीची लस टोचत फिरत होतात. तुमच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील, त्यांचेही आभार माना.

आज गोठ्यात चंद्रीची लेक कवडी आहे आणि कवडीचीही कालवड आहे. बाजारातून गाय आणणं आम्ही बंद केलंय. त्या कालवडीला परवा छातीला टेप लावून वजन काढलं, अडीचशे किलोच्या पुढे गेलंय. पुढच्या माजाला तिला भरवणार, वळूचा नंबर नव्या डॉक्टरांबरोबर बसून वहीतून ठरवलाय. कवडी मार्गशीर्षात विणार आहे. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस करीन, तेव्हा काकूंना घेऊन नक्की या.

आपली कृतज्ञ,
गोदाकाठची एक दूध उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक