चोराच्या मेलवर आमचा लोगो, आमच्या मेलवर नुसतं अक्षर

मा. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

मी वेंगुर्ल्यात काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवतो. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या जुन्या व्यापाऱ्याने अडीच लाख रुपये भलत्याच खात्यात भरले. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल त्यांना आला होता. पत्त्यात एक अक्षर जादा, आणि शेजारच्या गोलात आमच्या पाकिटावरचा लोगो. चोराने तो प्रोफाइल फोटो म्हणून लावला होता. आमच्या खऱ्या मेलशेजारी मात्र नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसतं. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, तोवर पैसे पुढे सरकले होते. वडिलांपासूनचा व्यवहार, आता ते माझं प्रत्येक बिल फोन करून खात्री केल्याशिवाय चुकतं करत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, पण माझी झोप उडाली आहे.

साहेब, यावर उपाय आहे. त्याला बिमी म्हणतात. डोमेनवर, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, डीमार्क कडक ठेवायचं (आपल्या डोमेनच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेला मेल अडवणारी सोय), लोगोचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग मेलशेजारी पडताळलेला लोगो दिसतो. जीमेलने तो 2021 मध्ये स्वीकारला, 2023 पासून निळी खूणही देतो. एक अक्षर बदलून डोमेन घेणाऱ्याला ती खूण मिळवता येत नाही. डीमार्कला फी लागत नाही, ते माझ्या पुतण्याने बसवलं. अडतं ते प्रमाणपत्रापाशी. ते परदेशी कंपन्यांकडून डॉलरमध्ये घ्यायचं, वर्षाला लाखभर रुपये मोजून, आणि लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदलेला हवा. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठीच 4 महिने थांबावं लागतं. ट्रेडमार्क नसलेल्यांसाठी 2024 मध्ये दुसरं प्रमाणपत्र निघालं, पण त्यावर निळी खूण मिळत नाही.

लघुउद्योजकांच्या एका कार्यशाळेत व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं, ‘या खर्चाला मदत मिळेल, अर्ज द्या.’ अर्ज दिला. आता उत्तर येतं, अशी योजनाच नाही. मग बोललात कशाला?

जीएसटी, उद्यम, आयात-निर्यात कोड, पॅन, पाकिटावर 14 आकडी अन्न परवाना. मी कोण आहे हे मी या देशात प्रत्येक खिडकीवर सिद्ध केलं आहे. चोराने काहीशे रुपयांत डोमेन घेतलं, त्याला कोणी काही विचारलं नाही. रिझर्व्ह बँकेने फक्त बँकांनाच मिळणारा डॉट बँक डॉट इन हा वेब पत्ता आणला, 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत घालून दिली. धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांना आपला हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं नाव, दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने नोंदवावा लागतो. म्हणजे मनावर घेतलं की होतं. छोट्या धंदेवाल्याचा मेल तेवढा उघड्यावर. कागद आमच्याकडून सगळे घ्यायचे आणि आमचं नाव राखायची वेळ आली की हात वर करायचे, हा न्याय कुठला?

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 खाली परवाना मिळालेल्या भारतीय संस्था डिजिटल सही देतात. त्या सहीचा यूएसबी डोंगल आम्ही टेंडरसाठी रुपयांत विकत घेतोच. त्यांनाच लोगोची प्रमाणपत्रं देऊ द्या, आणि ती मान्य व्हावीत म्हणून गूगल, याहू, अ‍ॅपलशी तुम्ही बोला. माझं ते कोण ऐकणार? ट्रेडमार्कला छोट्या उद्योगाची फी 9,000 ऐवजी 4,500 आहे, तशीच सवलत इथेही ठेवा. आणि सरकारी खात्यांच्या मेलवर राजमुद्रा पडताळून दिसू द्या, कारण पुढचा खोटा मेल तुमच्या नावानेही येईल.

उत्तर तारखेसकट द्या.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक काजू कारखानदार